संशोधनाचे मोल कोणी ठरवावे?

शास्त्रीय संशोधनाला सरकारने पैसा पुरवावा, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो त्यापुढच्या प्रश्नांचा. हा पैसा कोणाला द्यावा, किती द्यावा, आणि दिलेल्या पैशाचे चीज झाले की नाही हे कोणी ठरवावे? धान्याचे पोते मापून घेता येते. पुलाची मजबुती त्यावर भार घालून पाहता येते. परंतु एखाद्या गणितज्ञाने वर्षभर कागदावर जे मांडले त्याचे मोल त्याच्या खात्याच्या सचिवालाही कळत नाही आणि हिशेबतपासनिसालाही कळत नाही. ते ज्यांना कळते अशी माणसे जगात फार तर शे-पन्नास असतात, आणि तीही बहुधा त्याचे स्नेही तरी असतात किंवा प्रतिस्पर्धी तरी.

तिजोरी भरलेली असते तोवर हा प्रश्न निजून राहतो. सर्वांनाच थोडेफार मिळत असल्यामुळे कोणाची पात्रता किती, हे उघड विचारण्याची पाळी येत नाही. राष्ट्राची अर्थव्यवस्था एका घडीतून दुसऱ्या घडीत जाऊ लागली, जुने उत्पन्न आटले आणि नवे सुरू झाले नाही, म्हणजे मात्र तो खडबडून जागा होतो. १९९० च्या सुमारास पूर्व युरोपातील देशांवर आणि सोव्हिएत संघावर ही वेळ एकाएकी आली. लक्षावधी संशोधकांना पोसणारी एक विशाल व्यवस्था दोन-तीन वर्षांत निराधार झाली, आणि कोणाला तगवायचे व कोणाला नाही, हे त्या त्या देशाला ठरवावे लागले. या देशांनी वेगवेगळे मार्ग धरले. त्यांची फळेही वेगवेगळी मिळाली. त्यांतून निघणारा बोध आपल्यालाही उपयोगी पडण्याजोगा आहे, म्हणून आजच्या भाषणात त्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. संशोधनाला पैसा देण्याच्या जगभर मुख्यतः दोन रीती आहेत. आपल्या गावगाड्याच्या भाषेत सांगायचे तर एक बलुत्याची आणि दुसरी उक्त्या कामाची. बलुतेदाराला खळ्यावर ठरलेला वाटा मिळे. त्या वर्षी त्याच्याकडे काम थोडे आले की फार, याचा हिशेब धान्य देताना कोणी करीत नसे. गावात सुतार असला पाहिजे, लोहार असला पाहिजे, एवढाच त्यामागील विचार. संशोधनसंस्थेला दरवर्षी ठरावीक अनुदान मिळते तेव्हा तत्त्व हेच असते. उक्त्या कामात तसे नाही. तेथे काम आधी सांगायचे, त्याचे दाम ठरवायचे आणि मुदतीत ते पुरे करायचे. एखाद्या शास्त्रज्ञाने प्रकल्पाचा आराखडा सादर करावा, त्या विषयातील जाणत्यांनी तो तपासावा आणि पसंत पडल्यास तीन वर्षांपुरता पैसा मंजूर व्हावा, ही प्रकल्प-अनुदानाची पद्धत म्हणजे उक्ते काम होय. बलुत्यात स्थैर्य आहे, पण त्याच्या आश्रयाने आळसही पोसला जातो. उक्त्यात चुरस आहे, पण घराची डागडुजी कोणी करायची, हे त्यात लिहिलेले नसते.

सोव्हिएत संघातील व्यवस्था जवळजवळ सर्वस्वी बलुत्याची होती. पीटर द ग्रेटने १७२४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला स्थापन केलेली विज्ञान अकादमी ही तिचा मुकुटमणी. १९३४ मध्ये अकादमीचे ठाणे मॉस्कोला हलले आणि पाहता पाहता तिच्या छत्राखाली शेकडो संशोधनसंस्था उभ्या राहिल्या. संस्थेला मिळणारा पैसा मुख्यतः तिच्या कर्मचाऱ्यांच्या संख्येवरून ठरे. साहजिकच प्रत्येक संचालकाचा कल माणसे वाढविण्याकडे असे, आणि एकदा निघालेली संस्था सहसा बंद होत नसे. अकादमीच्या सभासदाला आजन्म मानधन मिळे. विद्वत्तेच्या पदव्या १९३२ पासून एका मध्यवर्ती आयोगाच्या संमतीने मिळत आणि पदवीबरोबर पगारही वाढे.

येथे गुणांची पारख होतच नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. मॉस्को विद्यापीठात गणितज्ञ इझ्रायल गेल्फांद यांचे सोमवारचे चर्चासत्र १९४३ पासून कित्येक दशके चालले. भौतिकीत लेव्ह लांदाऊ यांच्या गुरुवारच्या चर्चासत्राचा दरारा तसाच होता. तेथे उभे राहून आपले काम मांडणे ही अग्निपरीक्षाच असे. कच्चा युक्तिवाद तेथल्या तेथे उधळला जाई. सोव्हिएत गणित आणि सैद्धांतिक भौतिकी जगात पहिल्या पंक्तीत बसली, त्याचे श्रेय या निर्भीड परीक्षणाला पुष्कळ आहे. परंतु या परीक्षणाचा आणि पैशाच्या वाटपाचा संबंध नव्हता. चर्चासत्रात ज्याचे वाभाडे निघाले त्याची संस्थाही चालूच राही. पैसा वाटणारे आणि पैसा घेणारे एकाच घरातले. घरातल्या घरात कोण कोणाला नापास करणार?

मग १९९२ साल उजाडले. सोव्हिएत संघ आदल्या डिसेंबरात विसर्जित झाला होता. २ जानेवारीला रशियन सरकारने बहुतेक वस्तूंच्या किमतींवरील नियंत्रण उठविले, आणि वर्षअखेर किमती २५ पटींहून अधिक वाढल्या. संशोधकाचा पगार कागदावर कायम राहिला, पण त्यात महिन्याची भाकर येईना. प्रयोगशाळांत रसायने संपली. परदेशी शोधपत्रिकांची वर्गणी भरण्यास परकीय चलन उरले नाही, म्हणून ग्रंथालयांतील फळ्या रिकाम्या राहू लागल्या. या संकटात बहुतेक सरकारी खात्यांनी जो मार्ग धरला तो वरवर न्याय्य वाटणारा होता: जे काही आहे ते सर्वांना सारखे वाटावे. कोणालाही काढू नये, कोणालाही पुरेसे देऊ नये.

समान वाटणीचा हा न्याय दुष्काळात फार महाग पडतो. सर्वांना अपुरे मिळाले की ज्याला दुसरीकडे जागा मिळू शकते तो आधी उठतो. म्हणजे बहुधा जो अधिक तरुण किंवा अधिक कर्तबगार, तोच. काही जण अमेरिकेत, इस्रायलमध्ये, जर्मनीत गेले. त्यांहून कितीतरी अधिक मायदेशातच राहिले, पण संशोधन सोडून व्यापारात आणि नव्या पेढ्यांत शिरले. १९९० मध्ये रशियात संशोधन आणि विकासाच्या कामात सुमारे १९ लाख माणसे होती. १९९५ पर्यंत ही संख्या साडेदहा लाखांवर आली आणि २००० मध्ये नऊ लाखांच्याही खाली गेली. कोणी जावे हे सरकारने ठरविले नाही. पण न ठरविल्यामुळे निवड टळली असे नाही. ती निवड उपासमारीने केली.

या अंधारात १९९२ च्या डिसेंबरात एक अनपेक्षित दिवा लागला. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन धनिक जॉर्ज सोरोस यांनी भूतपूर्व सोव्हिएत संघातील शास्त्रज्ञांसाठी दहा कोटी डॉलरचा आंतरराष्ट्रीय विज्ञान निधी जाहीर केला. त्यातून प्रथम तातडीची मदत द्यायची होती: प्रत्येकी ५०० डॉलर. रक्कम ऐकायला लहान; पण त्या वेळच्या रूबलच्या भावात ती अनेकांच्या वर्षभराच्या पगाराहून अधिक होती. प्रश्न होता, द्यायची कोणाला? समित्या नेमून एकेकाची परीक्षा घ्यायला वेळ नव्हता, आणि समित्यांवर बसणार तरी कोण? शेवटी एक अगदी साधी कसोटी ठरविण्यात आली. गेल्या पाच वर्षांत नावाजलेल्या शोधपत्रिकांत ज्याचे किमान तीन निबंध छापले गेले, तो पात्र. पद, पदवी, वय, अकादमीचे सभासदत्व, संचालकाची शिफारस, यांतले काहीच लागणार नव्हते. वीस हजारांहून अधिक शास्त्रज्ञांना ही मदत मिळाली.

या घटनेचे महत्त्व पैशापेक्षा मोठे होते. संचालकाच्या मर्जीवर अवलंबून नसलेली मिळकत म्हणजे काय, याचा अनुभव हजारो संशोधकांना पहिल्यांदाच आला. दूर सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क येथील तरुण संशोधक आणि मॉस्कोतील मानकरी यांना एकच माप लागले. पुढच्या टप्प्यात निधीने प्रकल्पांसाठी मोठी अनुदाने दिली. अर्ज इंग्रजीत मागविले आणि ते परदेशांतील तज्ज्ञांकडून तपासून घेतले. रशियन सरकारनेही नंतर या खर्चाचा काही भाग उचलला. निधीचे काम १९९६ मध्ये संपले.

तथापि या साध्या कसोटीला मर्यादाही होत्या. ज्यांचे काम संरक्षणखात्याच्या कुलपात बंद होते त्यांना निबंध छापण्याची मुभाच नव्हती. स्थानिक भूगर्भाचा, स्थानिक वनस्पतींचा किंवा प्रदेशाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याचे लिखाण परदेशी पत्रिकांत सहसा जात नसे. बुडणाऱ्याला दोर टाकताना असा भेद क्षम्य ठरतो, कारण तेव्हा वेग हाच धर्म. पण आणीबाणीत वापरलेले माप पुढे रोजच्या व्यवहारात कायम केले तर काय होते, हे आपण थोड्या वेळाने पाहू.

रशियाने स्वतःही नवा मार्ग काढण्याचा प्रयत्न केला होता. २७ एप्रिल १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या हुकमाने मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र निधी स्थापन झाला. संस्थेला पैसा न देता शास्त्रज्ञांच्या लहान गटाला द्यायचा, आणि अर्जाची पारख त्याच विषयातील तज्ज्ञांनी नाव गुप्त ठेवून करायची, ही त्याची रीत. कल्पना चांगली होती. पण सरकारच्या विज्ञानखर्चापैकी काही थोडे टक्केच या निधीकडे वळविले गेले. बाकीचा पैसा जुन्या वाटेनेच वाहत राहिला. प्रकल्प-अनुदान ही त्यामुळे पगाराला जोड म्हणून उरली. व्यवस्था बदलण्याचे सामर्थ्य तिच्यात आले नाही.

आता बाल्टिक समुद्राच्या काठावरील दोन छोट्या देशांकडे वळू. एस्टोनियाची लोकसंख्या तेव्हा सुमारे १५ लाख, आणि लॅटव्हियाची २६ लाखांच्या आसपास. दोन्ही देशांनी १९९० मध्येच, म्हणजे स्वातंत्र्य पदरात पडण्याच्या आधीच, आपापली विज्ञान-अनुदान मंडळे स्थापन केली. दोघांनाही एक अडचण सारखीच जाणवली. एवढ्या लहान देशात प्रत्येक विषयात दहा-पाच तज्ज्ञ. सगळे एकमेकांचे सहाध्यायी, नाही तर गुरुशिष्य. तिथे निःपक्ष परीक्षक आणायचा कोठून? म्हणून दोघांनीही परीक्षक बाहेरून बोलावले. एस्टोनियाच्या संशोधनाचे मूल्यमापन १९९१-९२ मध्ये स्वीडनच्या शाही विज्ञान अकादमीच्या साह्याने झाले. लॅटव्हियाचे १९९२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधन परिषदांनी केले. पाहुण्यांनी प्रयोगशाळा पाहिल्या, निबंध वाचले, तरुणांशी बोलणे केले आणि उणे-अधिक स्पष्ट लिहून दिले. आपल्या विज्ञानाची तपासणी शेजारच्या देशाकडून करवून घेणे आणि तिचा निकाल छापू देणे, याला राष्ट्रीय अभिमानापेक्षा वेगळ्या प्रकारचे धैर्य लागते. या दोन देशांनी ते दाखविले.

पैसा वाटण्याच्या बाबतीत मात्र लॅटव्हियाने फार मोठी उडी घेतली. जुन्या संस्थांवर विश्वास उरला नव्हता, म्हणून १९९१ पासून विज्ञानाचा जवळजवळ सगळा पैसा प्रकल्पांच्या वाटेने देण्यास सुरुवात झाली. बलुते बंद, सर्व काही उक्ते. तत्त्वतः याहून शुद्ध योजना दुसरी नसेल. पण प्रत्यक्षात काय झाले? प्रकल्प मंजूर होई, पण तो ज्या इमारतीत चालायचा ती गरम ठेवण्याचा खर्च कोणाच्याच खात्यात नसे. ग्रंथालय कोणाच्या प्रकल्पात बसवायचे? दहा गट वापरतात ते यंत्र बिघडले तर दुरुस्ती कोणी करायची? शिवाय प्रकल्प मिळाला नाही तर त्या माणसाची चूलच विझणार, हे परीक्षकांना दिसत होते. मग त्यांचे मन द्रवे, आणि रक्कम लहान लहान तुकड्यांत पुष्कळांना वाटली जाई. म्हणजे उक्त्याचे नाव ठेवून बलुतेच चालू राहिले, आणि तेही पोट न भरणारे. संस्थांसाठी पायाभूत अनुदान पुढे लॅटव्हियाला पुन्हा आणावे लागले.

एस्टोनियाचे पाऊल तुलनेने सावध पडले. तेथेही स्पर्धेच्या पैशाचा वाटा मोठाच राहिला, आणि त्याबद्दलची तक्रार तेथील शास्त्रज्ञ पुढे अनेक वर्षे करीत राहिले. पण अनुदानाबरोबर घरबांधणीचाही विचार झाला. अकादमीच्या बहुतेक संस्था १९९० च्या दशकात विद्यापीठांना जोडण्यात आल्या, आणि अकादमी विद्वानांचे मानाचे मंडळ म्हणून राहिली. संशोधकांभोवती विद्यार्थी आले. जुन्या माणसांच्या जागी नवी माणसे तयार होण्याची सोय त्यामुळे झाली, आणि कोणत्याही विज्ञानाच्या आयुष्यात हीच गोष्ट अखेर निर्णायक असते.

या सर्वांत वेगळे उदाहरण पूर्व जर्मनीचे. तेथील विज्ञान अकादमीच्या संस्थांत सुमारे २४ हजार माणसे काम करीत. जर्मनीच्या एकीकरणाच्या करारातच कलम घालण्यात आले की या संस्थांचे परीक्षण पश्चिम जर्मनीच्या विज्ञान परिषदेने करावे, आणि त्यांचा खर्च १९९१ च्या ३१ डिसेंबरपर्यंतच चालवावा. समित्या संस्थांतून फिरल्या, मुदतीत अहवाल दिले गेले, आणि चांगल्या ठरलेल्या गटांसाठी १९९२ च्या आरंभापासून नव्या संस्था उभ्या राहिल्या. येथे परीक्षणाच्या शेवटी खरोखर पैसा होता, हा मोठा फरक. ज्यांना उत्तम म्हटले त्यांना जागा मिळाली. पण हजारोंची नोकरी गेली. आणि परीक्षक सगळे जिंकलेल्या बाजूचे, ही भावना जी उरली ती सहज पुसली गेली नाही. न्याय झाला एवढे पुरत नाही. ज्याचा न्याय होतो त्याला परीक्षकांच्या निवडीत काही आवाज असावा लागतो, हा धडा बर्लिनने दिला.

आता मघाशी राहिलेला प्रश्न घेऊ. मोजमापाची कसोटी कायमची झाली तर काय होते? याचे उत्तर चीनने दिले आहे. चीननेही बाजाराच्या अर्थव्यवस्थेकडे वळताना १९८५ मध्ये विज्ञानव्यवस्थेच्या सुधारणेचा ठराव केला, आणि १९८६ मध्ये तज्ज्ञांच्या परीक्षणावर चालणारा राष्ट्रीय निसर्गविज्ञान निधी स्थापन केला. त्याचा लाभ निःसंशय झाला. परंतु त्याबरोबर अनेक विद्यापीठांनी दुसरी एक सोपी वाट धरली: आंतरराष्ट्रीय सूचीतल्या शोधपत्रिकेत निबंध छापून आला की रोख बक्षीस. निबंधांची संख्या भराभर वाढली. त्यांबरोबर विकत घेतलेले निबंध आणि बनावट निष्कर्षही वाढले. अखेर २०२० मध्ये चीनच्या शिक्षण आणि विज्ञान मंत्रालयांनी ही रोख बक्षिसे बंद करण्याचे आणि केवळ निबंधांच्या मोजणीवर माणसाची पारख न करण्याचे आदेश काढले.

रशियाही याच खड्ड्यात उतरला. २०१२ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला की जगाच्या एका नामांकित सूचीतील निबंधांत रशियाचा वाटा २०१५ पर्यंत २.४४ टक्के झाला पाहिजे. शेतातले पीक वाढवायचे सोडून माप वाढविण्याचाच हा प्रकार. संस्थासंस्थांवर आकड्यांचा बोजा आला, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचे फावले. पुढे अकादमीच्याच एका आयोगाने चौकशी केल्यावर २०२० च्या आरंभापर्यंत रशियन पत्रिकांना आठशेहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. दरम्यान २०१३ च्या कायद्याने अकादमीच्या संस्था तिच्या हातून काढून एका सरकारी यंत्रणेकडे सोपविण्यात आल्या. जे परीक्षण शास्त्रज्ञांनी स्वतःचे स्वतः वेळेवर केले नाही, ते अखेर कारकुनांच्या हाती गेले.

मोजणीत जे बसत नाही ते किती मोलाचे असू शकते, याचे एक उदाहरण सेंट पीटर्सबर्गमध्येच आहे. निकोलाय वाविलोव्ह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील संस्थेत जगभरच्या पिकांच्या बियाण्यांचे तीन लाखांहून अधिक नमुने जपलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, शहराला वेढा पडला तेव्हा संस्थेतील कित्येक सेवक उपासमारीने मरण पावले; पण हाताशी असलेल्या तांदुळाला आणि गव्हाला त्यांनी हात लावला नाही. दुष्काळात बियाणे खाऊ नये, हे कुणब्याचे शहाणपण त्यांनी प्राण देऊन पाळले. आता विचार करा: हे बियाणे जिवंत ठेवायचे तर ते ठरावीक वर्षांनी पेरावे लागते, उगवण तपासावी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात. यात नवा शोध कोणता? दरवर्षी कोणता निबंध लिहायचा? तीन वर्षांच्या कोणत्या प्रकल्पात हे बसवायचे? २०१० मध्ये या संस्थेच्या पाव्लोव्स्क येथील फळबागांची जमीन घरबांधणीसाठी जाण्याची वेळ आली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी हाक दिली म्हणून ते संकट टळले. ज्याचा हिशेब वहीत लागत नाही ते निरुपयोगी, असे मानले की मग बियाण्यांच्या शेतावर इमारती उठतात.

आपल्या देशाचा संक्रमणकाळ एवढा दारुण नव्हता. पण प्रश्न येथेही आला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा मुख्यतः सरकारी अनुदानावर चालत आल्या होत्या. १९९१ मध्ये आर्थिक धोरण बदलले आणि बंद बाजारासाठी पर्यायी वस्तू तयार करण्याचे त्यांचे जुने काम कालबाह्य होऊ लागले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झालेली. १९८९ मध्ये तिचे संचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी तिला एकस्वांकडे, म्हणजे पेटंटांकडे, आणि परदेशी कंपन्यांशी बरोबरीच्या नात्याने व्यवहार करण्याकडे वळविले. १९९५ मध्ये ते परिषदेचे महासंचालक झाल्यावर हेच वळण सर्व प्रयोगशाळांना लागले. आपल्या ज्ञानाला बाजारात किंमत आहे, हा आत्मविश्वास त्यातून आला. पण येथेही तोच इशारा लागू पडतो: एकस्व घेतले म्हणजे ते वापरात आले असे नव्हे, आणि एकस्वांची संख्या हे साधन आहे, साध्य नव्हे.

आज हा प्रश्न पुन्हा आपल्या दारी आहे. २०२३ मध्ये संसदेने कायदा करून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले, आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा संकल्प जाहीर झाला; त्यातील मोठा भाग सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा आहे. २०२०-२१ मध्ये संशोधनावरील आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच होता. थोडा पैसा आणि पुष्कळ मागणारे, अशा स्थितीत वाटपाची रीत हीच निम्मे धोरण ठरते.

मग कोणती रीत बरी? वर पाहिलेल्या देशांच्या अनुभवातून तीन-चार गोष्टी निघतात. पहिली ही की मूल्यमापन बऱ्या दिवसांतच सुरू केले पाहिजे. विहीर आटल्यावर पाण्याच्या पाळ्या ठरवू गेले तर भांडणेच होतात. दुसरी ही की परीक्षक घरचे नसावेत. पण ते केवळ बाहेरचे आणि वरचेही नसावेत. तिसरी ही की बलुते आणि उक्ते, दोन्ही पाहिजेत. इमारत, ग्रंथालय, यंत्रे, बियाणे आणि शिकणारी मुले यांच्यासाठी ठरलेला वाटा हवा. नव्या कल्पनांसाठी चुरस हवी. आणि चौथी, सर्वांत विसरली जाणारी, ही की आकडा हा परीक्षकाचा मदतनीस आहे, त्याला परीक्षकाच्या खुर्चीवर बसवू नये. तीन निबंधांच्या कसोटीने वीस हजार माणसांना त्या कठीण वर्षांत हात दिला, ही तिची थोरवी. तेवढ्यासाठीच ती होती.

अखेर संशोधनाचे मोल ठरविण्याचे काम माणसांनीच, निबंध प्रत्यक्ष वाचून, प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहून आणि आपल्या मताखाली जबाबदारीने नाव घालून करावयाचे असते. ते कष्टाचे आहे आणि त्यात मित्र दुरावतात. पण ते टाळले की निवड थांबत नाही; ती उपासमार तरी करते, नाही तर गणकयंत्र करते. या दोन्ही परीक्षकांना शास्त्र वाचता येत नाही.